वेळ घसरतेय? लगेच सराव वाढवू नका: अतिसराव आणि मनाचा थकवा कसा ओळखावा, कसा टाळावा

पहाटे साडेपाचला नागपुरातल्या कुठल्याही मोठ्या मैदानावर जा, रेशीमबाग असो की मानकापूर. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं गटागटाने येतात, दोन मिनिटं हातपाय झटकतात, मोबाइलवर स्टॉपवॉच लावतात आणि १६०० मीटर जीव तोडून पळतात. रोज. पहिल्या महिन्यात वेळ झपाट्याने सुधारते. ५ मिनिटं ५० सेकंद लागायचे ते ५.२५ वर येतात. मग गाडी अडकते. मग एक दिवस ५.३५ लागतात आणि तिथेच घात होतो. पोरगा घाबरतो आणि संध्याकाळीही पळायला लागतो.

मी स्वतः या खड्ड्यात पडलो आहे. ८०० मीटर पळायचो. वेळ घसरली तेव्हा माझ्या प्रशिक्षकांनी फेऱ्या वाढवल्या, मीही मान डोलावली, आणि एकोणिसाव्या वर्षी स्पाइक्स माळ्यावर गेले. आता मुलांना शिकवतो तेव्हा पहिल्या दिवशी बूट बघत नाही, शंभर पानी वही आणायला सांगतो. ती कशी वापरायची ते पुढे सांगतो.

आधी थकवा कोणता ते ओळखा

थकवा वाईट नाही. जोरदार सरावाने स्नायूंवर ताण येतो, साठवलेली साखर संपते, आणि विश्रांतीत शरीर ती झीज भरून काढताना थोडं अधिक ताकदवान होतं. ही भरपाई व्हायच्या आतच पुढचा घाव घातला आणि असं आठवडेच्या आठवडे चाललं, की गणित उलटं फिरतं.

युरोपियन कॉलेज ऑफ स्पोर्ट सायन्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांनी २०१३ साली एकत्र निवेदन काढून याचे टप्पे मांडले. पहिल्यात कामगिरी तात्पुरती घसरते, काही दिवसांच्या विश्रांतीनंतर उलट सुधारते. दुसऱ्यात सावरायला आठवडे किंवा महिने लागतात, आणि हाती काही लागत नाही. तिसरा म्हणजे खरा अतिसराव. त्यातून बाहेर यायला कित्येक महिने जातात. गोम अशी, की सुरुवातीला तिन्ही सारखेच दिसतात. किती विश्रांतीनंतर माणूस सावरला, हे बघूनच कोणता टप्पा होता ते कळतं.

मनाचा थकवा, ज्याला सगळे बर्नआउट म्हणतात, ही याची सख्खी बहीण, पण वेगळी. त्यात तीन गोष्टी दिसतात: सतत गळून गेल्यासारखं वाटणं, आपल्याकडून काही होत नाही ही भावना, आणि ज्या खेळासाठी जीव टाकायचो त्याबद्दलच काही न वाटणं. शरीर ठणठणीत असतानाही हे होऊ शकतं. विराट कोहलीने २०२२ च्या आशिया चषकाआधी सांगितलं होतं, की महिनाभर त्याने बॅटला हात लावला नाही, आणि असं दहा वर्षांत पहिल्यांदाच घडलं. त्याच स्पर्धेत त्याने सुमारे तीन वर्षांनी आंतरराष्ट्रीय शतक ठोकलं. विश्रांतीमुळेच शतक झालं असं मी म्हणणार नाही. पण महिनाभर बॅट बाजूला ठेवल्याने फलंदाज संपत नाही, एवढं तरी पोरांना पटतं.

पायरी पहिली: वही

सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातच, मोबाइल हातात घेण्याआधी मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा. लिहा. किती तास झोपलात ते लिहा. आज मैदानावर जावंसं वाटतं का, याला पाचपैकी गुण द्या. मुलं या शेवटच्या रकान्याला हसतात, पण माझ्या अनुभवात तोच सगळ्यात आधी बोलतो.

सराव संपल्यावर अर्ध्या तासाने एक आकडा काढा. आजचा सराव किती जड गेला याला ० ते १० मधला गुण द्या आणि एकूण मिनिटांनी गुणा. ४० मिनिटं हळू पळालात आणि ३ गुण दिले, तर १२०. वेगाच्या फेऱ्यांचं ५० मिनिटांचं सत्र ८ गुणांचं वाटलं, तर ४००. रविवारी आठवड्याची बेरीज करा, तोच तुमचा आठवड्याचा भार. अमेरिकी अभ्यासक कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली ही पद्धत मोठमोठे संघ वापरतात आणि तिला खर्च शून्य आहे.

मागच्या वर्षी माझ्याकडच्या सोळा वर्षांच्या एका मुलीची वही मी चाळत होतो. चार आठवड्यांच्या बेरजा होत्या १२५०, १४००, १९००, २३००. नाडी ५८ वरून ६७ वर गेलेली. झोप साडेपाच तास. इच्छेच्या रकान्यात सलग सहा दिवस १. तोंडाने ती एवढंच म्हणाली होती, "सर, पाय उचलूनच नाही राहिले." ती हुडकेश्वरहून सायकलने यायची आणि सरावानंतर थेट शिकवणीला जायची, हे मला माहीत होतं. पण ते मी कधी बेरजेत धरलंच नव्हतं. चूक माझी होती.

नाडी एखाद्या दिवशी वाढली तर घाबरू नका. ताप, जागरण, परीक्षेची धास्ती, कशानेही वाढते. पण नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त असं तीन-चार दिवस सलग दिसलं, शिवाय झोप बिघडली, चिडचिड वाढली आणि साधं जॉगिंगही जड वाटू लागलं, तर त्याच दिवशी भार निम्म्यावर आणा. उलट नाडी नेहमीसारखीच राहूनही माणूस अतिसरावात असू शकतो, म्हणून सगळे रकाने एकत्र वाचा.

पायरी दुसरी: आठवडा मांडा

जोरदार सत्रं दोन, फार तर तीन. त्यांच्यामध्ये किमान एक सोपा दिवस. सोपा म्हणजे पळता पळता शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं इतका सोपा. लांब पल्ल्याच्या अव्वल धावपटूंची साधारण ८० टक्के सत्रं हळू गतीची असतात, असं अभ्यासकांना दिसून आलं आहे. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. भरतीवाल्यांनी १६०० किंवा ८०० मीटरची पूर्ण वेळ दोन आठवड्यांतून एकदाच लावावी. रोज परीक्षा देऊन अभ्यास होत नसतो.

एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि दर चौथ्या आठवड्यात भार साधारण एक तृतीयांशाने कमी. लहान मुलांसाठी एक ढोबळ नियम वापरतात: वय जितकी वर्षं, आठवड्याला त्याहून जास्त तास सराव नको. वर्षातून दोन-तीन महिने मुख्य खेळ सोडून दुसरं काहीतरी खेळू द्या.

पायरी तिसरी: झोप, ताट आणि नागपूरचा उन्हाळा

किशोरवयीन मुलांना ८ ते १० तास झोप लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तर रात्रीही भिंती गरम असतात. कूलर रात्रभर दमट हवा फेकत राहतो, वीज गेली की संपलंच. अशा रात्रीनंतर पहाटे ठरलेलं सत्र जसंच्या तसं करणं म्हणजे दुप्पट भार उचलणं. एप्रिल-मेमध्ये मी जोरदार सत्र एकावर आणतो. सरावाआधी आणि नंतर वजन करायला लावतो. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. ते पाणी, मठ्ठा किंवा मीठ-साखर-लिंबाच्या सरबताने दिवसभरात थोडं थोडं भरून काढायचं.

आणि उपाशी पळू नका. पहाटे केळं किंवा मूठभर गूळ-शेंगदाणे, सराव झाल्यावर तासाभरात दूध, अंडी, उसळ-पोळी, जे घरात असेल ते. बरेचदा अतिसराव म्हणून जे दिसतं ते खरं तर कमी खाणं असतं. मुलींची पाळी तीन महिने आली नाही, तर 'खेळाडूंचं असंच असतं' म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे जा.

पायरी चौथी: आधीच अडकला असाल तर

दोन आठवड्यांच्या विश्रांतीनंतरही अंगात जोर येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. अतिसराव ओळखणारी एकच अशी तपासणी नाही. रक्तक्षय, थायरॉइड, दबून राहिलेला ताप, हे सगळं नाही ना, ते आधी बघावं लागतं. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघायला सांगा. पळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, किंवा फार कष्टाच्या सरावानंतर अंग असह्य दुखून लघवी चहासारखी गडद झाली, तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

त्या मुलीला मी सराव थांबवायला सांगितलं तेव्हा तिची आई म्हणाली, "काऊन सर, मग आळशी होईल ना पोट्टी." मी वही उघडून दाखवली. आकडे बघून त्या गप्प झाल्या, आणि मग म्हणाल्या, की घरीही ती जेवताना रडते. आईवडिलांना माझी एवढीच विनंती आहे: मैदानावरून आल्यावर पहिला प्रश्न वेळेचा विचारू नका, जेवलीस का विचारा.

परतताना तीन दिवस नुसतं २० मिनिटं चालायचं. मग चालणं-पळणं मिसळून, मग २० मिनिटं हळू पळणं. प्रत्येक टप्प्यावर तीन-चार दिवस थांबायचं आणि नाडी चढली की एक टप्पा मागे यायचं. आधी मिनिटं वाढवायची, वेग सगळ्यात शेवटी. तिला पहिली वेळ लावायला अकरा आठवडे लागले. ८०० मीटर, जुन्या वेळेपेक्षा तीन सेकंद जास्त. तिने तो आकडा वहीत लिहिला, इच्छेच्या रकान्यात ५ लिहिले, आणि आम्ही सगळे तर्री पोहे खायला गेलो.