लाकडी ल्युअरला इपॉक्सी लावताना

पैठणला नाथसागरात मरळीसाठी मी ल्युअर, म्हणजे माशाला भुलवायचा गळ लावलेला खोटा मासा, घरीच बनवतो, पांगाऱ्याचं हलकं लाकूड घेऊन. रंगापर्यंत सगळं जमतं हो, गडबड होते ती इपॉक्सीला, म्हणजे रंगावर द्यायच्या पारदर्शक कडक थराला.

आधी रंग पूर्ण वाळू द्या, आणि वाळल्यावर त्याला नुसत्या बोटानं हात लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथं इपॉक्सी धरतच नाही, गोल खड्डा पडतो. इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर, पाकिटावर लिहिलंय त्याच मापात घ्या, अंदाजे नको, माझे दोन ल्युअर असेच महिनाभर चिकट राहिले आणि शेवटी खरवडून काढावे लागले, लै जीव तुटला. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, काडीनं दोन मिनिटं सावकाश ढवळा, जोरात फेटलं की बुडबुडे झालेच म्हणून समजा.

आपल्याकडं मे महिन्यात ४० च्या वर पारा असतो तेव्हा वाटीतच घट्ट व्हायला लागतं, म्हणून सकाळी लवकर बसा आणि एका वेळी दोन-तीन ल्युअरपुरतंच कालवा. पावसाळ्यात दमट हवेत वरून धुरकट थर येतो, तेव्हा मी करतच नाही.

ब्रशनं पातळ हात द्या, बुडबुड्यांवर हेअर ड्रायर लांबूनच फिरवा. मग मिनिटाला ५-६ फेऱ्या मारणाऱ्या छोट्या मोटरवर फिरत ठेवा, नाहीतर सगळं पोटाशी ओघळून थेंब लटकतो आणि ल्युअर पाण्यात वाकडा चालतो. गळाच्या कडीतलं इपॉक्सी ओलं असतानाच सुईनं काढा. २४ तास हात लावू नका.