बेसबॉलचा नवा मोसम: एकच संघ धरा
मार्चअखेर अमेरिका, जपान, कोरिया सगळीकडे बेसबॉल सुरू होतं. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ३० संघ, प्रत्येकाचे १६२ सामने. सगळं बघायचं तर नोकरी सोडावी लागेल! शिवाय न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७ चा सामना तेव्हा आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो. त्यापेक्षा जपानचा एखादा संघ निवडा, उदाहरणार्थ हानशिन टायगर्स. तिथले ६ चे सामने आपल्या दुपारी अडीचला सुरू होतात, कोरियातले साडेसहाचे तीनला. सोमवारी दोन्हीकडे बहुतेक सुट्टी. जपानमध्ये साखळी सामना १२ डावांनंतरही बरोबरीत असेल, तर अनिर्णित सोडतात. कसोटी बघणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. अमेरिकन मात्र वैतागतात. ज्या दिवशी वेळ नसेल, त्या दिवशी नुसता धावफलक पाहिला तरी चालतं.