पिकअपचा एक्झॉस्ट पाइप बदलला, माझा अनुभव
माझा टर्बो डिझेल पिकअप लोड घेऊन चढावर दमायचा, आधी वाटलं एअर फिल्टर चोक झालाय पण तो स्वच्छच निघाला. खाली घुसून बघितलं तर जुना पाइप वळणावर चेपून वाकवलेला, आतली जागाच कमी. मग कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) मागचा २.२५ इंची पाइप काढून २.५ इंची मँड्रेल बेंडवाला टाकला, त्यात वळणावरही व्यास तोच राहतो आणि आतलं क्षेत्रफळ साधारण २३ टक्के वाढतं. कन्व्हर्टरला हात लावला नाही, तुम्हीही लावू नका. खरी डोकेदुखी गंजलेले बोल्ट! रात्रभर तेल मारून ठेवलं तरी दोन तुटलेच. थंड इंजिन चालू करून जोडांवर साबणाचं पाणी मारलं, एका ठिकाणी बुडबुडे आले म्हणून क्लॅम्प परत आवळला. आता चढावर खालचा गिअर जरा उशिरा टाकावा लागतो, आवाज थोडा घुमतो पण चालतंय.