माथेरानचा इतिहास एका दिवसात पायी कसा बघायचा

माथेरानला जाऊन नुसती चिक्की आणि घोडा करून येऊ नका प्लीज, गावाला भारी इतिहास आहे. नेरळहून टॉय ट्रेनचं तिकीट मिळालं तर तिनेच वर जा, कारण अर्धा इतिहास त्या रुळांतच आहे, आदमजी पीरभॉय कुटुंबाने स्वतःचे पैसे घालून ही लाईन बांधली, १९०७ साली सुरू झाली, दोन रुळांमधलं अंतर फक्त २ फूट. खिडकीतून पुढचा डबा वळताना बघा, डोंगर फोडायचा सोडून त्याला वळसे घालत कसं वर नेलंय ते लगेच कळतं. नाही मिळालं तर टॅक्सीने दस्तुरी नाका, तिथून पुढे चालतच, गाड्या बंद.

मग सरळ शार्लोट लेक आणि तिथून लुईझा पॉईंट करा. नावं इंग्रजी का, तर १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट इथे आला आणि मग साहेबलोकांचे बंगले उभे राहिले. पण धनगर, ठाकर, कातकरी आधीपासूनच या डोंगरात होते, हे मुलांना आवर्जून सांगा.

आणि भाई कोतवाल! माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं. १९१२ साली इथेच जन्मले, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता नावाचं क्रांतिकारकांचं पथक काढून विजेचे टॉवर पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. बाजारात त्यांच्याबद्दल म्हाताऱ्या माणसांना विचारा, घाई न करता ऐका. पावसाळ्यात जाणार असाल तर ट्रेन चालू आहे का ते आधी चेक करा.