खरेदीखत करताय? या चुका टाळा

मराठवाड्यात बऱ्याच गावांत अजूनही जमिनीचा व्यवहार 'बॉण्डवर' उरकतात. स्टॅम्प पेपर, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, पैसे रोख, ताबा हातात. पुढं काही वर्षांनी विकणाऱ्याची पोरं उभी राहतात, "आमच्या बापानं नुसता इसार घेतला होता." त्यांचं म्हणणं कायद्यानं पोकळ नसतं. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय पूर्ण होत नाही, असं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 सांगतं. मुखत्यारपत्रावर केलेल्या 'विक्री'नंही मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये स्पष्ट केलंय.

दुसरी चूक, सातबारा बघून निर्धास्त होणं. ती महसुली नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. वडील वारल्यावर एकट्या भावाचं नाव लागलेलं असतं, आणि बहिणींनी हिस्सा 'सोडला' तो फक्त तोंडी. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर त्यांना खरेदीखतावर सहीला बोलवा. रुसवेफुगवे आधी झालेले परवडले. आपल्याकडं निजामी काळातल्या मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेल्या), खिदमतमाश (धार्मिक सेवेसाठी दिलेल्या) इनाम जमिनींचा घोळ वेगळाच. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं दिसलं की परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. जुने फेरफार (सातबाऱ्यावरचं नाव कसं बदलत गेलं त्याच्या नोंदी) आणि 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे त्या काळची जमिनीची नोंद, हेही काढा.

मजकूर स्वतः वाचा. सातबाऱ्यावरचं 0.81 हेक्टर म्हणजे 81 आर, साधारण दोन एकर. घाईत तिथं 'एकर' पडलं, तर कागदावर निम्म्याहून जास्त रान गेलं! चतुःसीमा जुन्या दस्तावरून उतरवतात, त्यातला पूर्वेचा शेजारी कधीच विकून पुण्याला गेलेला असतो. गट नंबर चुकला असेल, तर चूक दुरुस्तीपत्र नोंदवावं लागतं. त्याला विकणाऱ्याची सही लागते, तो वारला असेल तर वारसांच्या मागं फिरावं लागतं.

सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करा, उशिराला दंड आहे. नोंदणीनंतर फेरफार आपोआप होईल म्हणून बसू नका. तलाठ्याकडं चौकशी ठेवा. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद नामंजूर केली, तर आधी आदेशाची नक्कल घेऊन कारण वाचा. आदेश पटला नाही, तर 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अपील करता येतं.