जुन्या फियाटमध्ये सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवताना
इंदूरमध्ये जुनी फियाट जपणाऱ्याने सबवूफर (बेसचा मोठा स्पीकर) घेण्याआधी बॉनेट उघडून गाडीत वीज बनवायला जुना डायनॅमो आहे की त्यानंतर आलेला अल्टरनेटर, हे पाहावे. कारण सबवूफर चालवणारा ३०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात १२ व्होल्टवर २५ अ‍ॅम्पिअरहून अधिक करंट ओढतो, आणि राजवाड्याच्या गर्दीत इंजिन आयडलवर असताना डायनॅमो तेवढा देऊच शकत नाही. बॅटरीची अर्थची वायर सोडूनच काम सुरू करावे. बॅटरीकडून अ‍ॅम्प्लिफायरला जाणाऱ्या जाड तांब्याच्या मुख्य वायरवर बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत फ्यूज हवाच. अर्थिंगसाठी डिकीच्या पत्र्यावरचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासावा आणि वायरच्या टोकाची धातूची कडी (लग) बोल्टने घट्ट आवळावी. स्पीकरमधून ऐकू येणारी, इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी बहुधा इथल्याच ढिलाईतून येते. स्टिरिओकडून येणारी सिग्नलची वायर मुख्य वायरपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी. मूळ डॅशबोर्ड मात्र, माझ्या मते, कधीही कापू नये.