जुने फोल्डर नव्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत? या चुका टाळा

जुन्या कॉम्प्युटरची ड्राइव्ह नव्याला जोडली, फोटोंचं फोल्डर उघडायला गेलं आणि समोर आलं 'ॲक्सेस डिनाइड'. युजरचं नाव तेच, पासवर्डही तोच, मग अडतंय कुठे?

विंडोज नाव बघतच नाही. खातं तयार होतानाच त्याला एसआयडी नावाचा लांबलचक क्रमांक मिळतो आणि एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवण्याची नेहमीची पद्धत) ड्राइव्हवरच्या फोल्डरची मालकी त्या क्रमांकावर नोंदलेली असते. दोन कॉम्प्युटरवर एकाच नावाची खाती काढली तरी क्रमांक वेगळेच. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅब उघडा. तिथे 'अकाउंट अननोन' आणि पुढे एस-१-५-२१ने सुरू होणारा आकडा दिसला, तर तो तुमच्या जुन्या खात्याचा असण्याची दाट शक्यता आहे. एवढ्यावरून फाइल्स बिघडल्या असं समजून ड्राइव्ह फॉरमॅट करायला जाऊ नका.

सर्रास होणारी चूक म्हणजे वैतागून 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन टाकणं. फोल्डर उघडतं खरं, पण त्या कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही खात्याला तुमची कागदपत्रं वाचता येतात, पुसताही येतात. याहून वाईट म्हणजे अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी स्वतःकडे घेणं. विंडोजच्या बऱ्याच सिस्टिम फाइल्सची मालकी मुद्दाम 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' या विंडोजच्याच अंतर्गत खात्याकडे ठेवलेली असते. ती हलवली की अपडेट्स अडण्यापासून अनेक भानगडी सुरू होतात आणि मागे फिरणं अवघड जातं. हात लावायचा तो फक्त स्वतःच्या डेटाच्या फोल्डरला.

त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने लॉगिन करा. सिक्युरिटी टॅबमध्ये ॲडव्हान्स्ड दाबा, वर 'ओनर'समोरचं 'चेंज' निवडा, आपल्या खात्याचं नाव लिहून 'चेक नेम्स' दाबा. ओके केल्यावर 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स' हा चौकोन दिसतो. तो टिक करायला विसरलात तर मालकी फक्त वरच्या फोल्डरची बदलते आणि आतल्या प्रत्येक फोल्डरपाशी तीच रड.

पुष्कळ जण इथेच थांबतात. मालक होणं आणि परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्या खिडक्या बंद करून प्रॉपर्टीज पुन्हा उघडा, ॲडव्हान्स्डमध्ये 'ॲड' करून आपल्या खात्याला फुल कंट्रोल द्या आणि खालचा, आतल्या सगळ्यांच्या परवानग्या बदलणारा चौकोन टिक करा. हजारो फाइल्स असतील तर वेळ लागतो. मध्येच कॅन्सल केलंत तर अर्ध्या फाइल्स उघडतील, अर्ध्या नाही, आणि कुठल्या राहिल्या ते शोधताना पुरेवाट होते.

'रीड ओन्ली'च्या चौकोनाशी झटापट करू नका. फोल्डरच्या बाबतीत तो तसाही भरलेलाच दिसतो, या अडचणीशी त्याचा संबंध नाही. फाइल उघडते पण एखाद्या प्रोग्रॅममधून सेव्ह होत नाही, असं असेल तर विंडोज सिक्युरिटीमधलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' (अनोळखी प्रोग्रॅमना फोल्डरमध्ये बदल करू न देणारी सोय) चालू आहे का ते बघा.

आणखी एक बारकावा. त्याच ड्राइव्हवर फाइल कट-पेस्ट केली तर ती जुन्या परवानग्या घेऊनच जाते. कॉपी केली तर नव्या जागेच्या परवानग्या लागतात. म्हणून शक्य असेल तिथे हलवण्याऐवजी कॉपी करा.

लिनक्सवरही गोम क्रमांकाचीच. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात पहिल्या युजरला सहसा १००० क्रमांक मिळतो. जुन्या मशीनवर तुम्ही १००१ असाल तर फाइल्स परक्या ठरतात. मालक बदलणारी चोन (chown) कमांड तेवढ्या फोल्डरवर चालवा. सरसकट चमॉड ७७७ (chmod 777), म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, करू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे लॉगिन करायला वापरतात त्या एसएसएचची खासगी की (गुप्त किल्लीची फाइल) इतकी उघडी दिसली तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं.

विंडोजच्या फाइलवर छोटं कुलूप दिसत असेल तर प्रकरण गंभीर आहे. ती ईएफएस या विंडोजमधल्या सोयीने एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेली आहे आणि मालकी घेऊनही उघडणार नाही. तिला जुन्या खात्याचं सर्टिफिकेट, खासगी कीसकट लागतं. जुना कॉम्प्युटर अजून चालू होत असेल तर त्यावरच प्रॉपर्टीजच्या ॲडव्हान्स्डमध्ये 'एन्क्रिप्ट कंटेंट्स'ची टिक काढा, मग फाइल्स आणा. ते होईपर्यंत त्यावरचं विंडोज पुसू नका.